जुन्या मोटारीची पुष्पिका

आपल्या ग्रंथभांडारातील एखादी हस्तलिखित पोथी हाती आली, की जाणता अभ्यासक आधी तिचे शेवटचे पान उलटतो. मूळ ग्रंथ संपल्यावर लेखनिकाने तेथे चार ओळी लिहिलेल्या असतात : कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणाच्या राज्यात, कोणत्या श्रावकाने ही प्रत कोणासाठी लिहवून घेतली. या ओळींना पुष्पिका म्हणतात. दात्याच्या कुळाचे सविस्तर वर्णन असेल, तर ती प्रशस्ती. ग्रंथाचा आशय अन्य प्रतींतूनही मिळतो. परंतु या एका प्रतीचे आयुष्य केवळ तिच्या पुष्पिकेतून कळते. ते पान गळून गेले की पोथी अनाथ होते. मग अक्षराच्या वळणावरून आणि कागदाच्या पोतावरून तिच्या वयाचा अदमास बांधावा लागतो.

या सदरातून आपण घरातील जुन्या वस्तूंचा परामर्श घेत असतो. यावेळी वस्तू आकाराने जरा मोठी आहे : जुनी मोटार. मोटारीचा आणि पुष्पिकेचा काय संबंध, असे वाचकांच्या मनात येईल. परंतु आरंभकाळातील मोटार बाळगणे म्हणजे पुष्पिका हरवलेली पोथी बाळगणेच होय. तिचे लोखंड डोळ्यांसमोर असते. तिचे वृत्त मात्र शोधून काढावे लागते. ते वृत्त खरे राखणे, हीच तिच्या मालकीतील मुख्य जबाबदारी आहे, असे मला वाटते.

वेंगुर्ल्यासारख्या गावी हा विषय केवळ हौसेचा राहत नाही. सतराव्या शतकात येथे डच व्यापाऱ्यांची वखार होती. १८१२ मध्ये हे बंदर इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे आंबोलीचा घाट चढून बेळगावास जाणारा गाडीरस्ता झाला आणि गलबतांतून उतरलेला माल या वाटेने देशावर जाऊ लागला. तळकोकणात आपल्या समाजाची घरे तुरळक. पण हाच घाट चढून गेले, की बेळगाव, कोल्हापूर, सांगली हा आपल्या वस्तीचा मोठा टापू लागतो. १८८८ च्या सुमारास मुरगावची रेल्वे सुरू झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. मागे राहिल्या त्या वखारी, चिऱ्याचे वाडे आणि मांगर. अशा गावांतून जुन्या वस्तू दीर्घकाळ टिकतात, कारण त्या मोडून नवे उभारण्याइतका पैसा कोणापाशी नसतो. आणि पुढे त्या एका दिवसात नाहीशा होतात, कारण मुले मुंबई-पुण्यास स्थायिक झालेली असतात, मांगराचे नळे फुटलेले असतात आणि भंगारवाला काटा घेऊन दारात उभा असतो.

काट्यावर लोखंड तोलले जाते, इतिहास नव्हे. म्हणून वस्तू दाराबाहेर जाण्यापूर्वी ती काय आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

पहिला विवेक ‘पहिली’ या शब्दाविषयी बाळगावा. भारतातील मोटारींच्या आरंभाविषयी सांगताना मुंबईत १८९८ मध्ये चार मोटारी आल्या व त्यांतील एक जमशेटजी टाटा यांची होती, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. तर जमशेटजींनी १९०१ मध्ये मोटार घेतली आणि मोटार बाळगणारे ते पहिले भारतीय ठरले, असे अन्यत्र वाचावयास मिळते. इतक्या थोर आणि सर्वविश्रुत पुरुषाच्या बाबतीत तीन वर्षांचा फरक पडतो; मग एखाद्या सामान्य घराण्यात तोंडी चालत आलेल्या ‘आमच्या पणजोबांची जिल्ह्यातील पहिली गाडी’ या कथेची काय कथा! ती कथा खोटी असेलच असे नाही. पण कथा आणि पुरावा यांची नोंद स्वतंत्र ओळींत व्हावयास हवी.

पुरावा असला म्हणजे एखाद्या गाडीचे वृत्त किती स्पष्ट उभे राहते, याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची परीक्षा घेण्यात आली. त्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, असे नाव दिलेली रोल्स-रॉईसची ४०/५० जातीची गाडी उतरली होती. सहा घाटांतून सुमारे ६२० मैलांचा प्रवास तिने यंत्रातील बिघाडामुळे एकदाही न थांबता पुरा केला. पुढे ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी घेतली. त्या काळचे रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे, वाटेत पेट्रोल मिळण्याची खात्री नाही, चढावर रेडिएटरमधील पाणी उकळायचे. अशा स्थितीत ही कामगिरी किती मोठी होती, ते आजच्या चौपदरी मार्गावरून जाताना सहज ध्यानात येत नाही. ही एक गाडी आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, ती तिची नोंद राहिली म्हणून. त्या काळी आपल्या बंदरांत उतरलेल्या इतर किती गाड्या नोंदीवाचून विस्मृतीत गेल्या असतील!

नाव आणि क्रमांक यांतील भेदही याच जातीच्या गाडीवरून समजतो. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव आता ४०/५० जातीच्या सगळ्याच रोल्स-रॉईस गाड्यांना लावले जाते. मुळात ते ६०५५१ क्रमांकाच्या चासीवरील, १९०७ मधील एकाच रुपेरी गाडीचे नाव होते. नाव पसरत जाते. एकाचे अनेकांना चिकटते. क्रमांक मात्र एकाच वस्तूचा असतो. म्हणून शोधाचा आरंभ क्रमांकापासून करावा.

त्यासाठी गाडीचे तीन घटक वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत : चासी, म्हणजे चाके ज्यावर बसविली आहेत ती पोलादी चौकट, इंजिन, आणि वरची बॉडी. आज आपण मोटार अखंड विकत घेतो. आरंभकाळी अनेक कंपन्या केवळ चासी आणि इंजिन विकत आणि गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे दुसऱ्या कारागिराकडून तिच्यावर बॉडी चढवून घेई. हे कारागीर पूर्वीचे घोडागाड्या बांधणारे; म्हणून त्या काळच्या मोटारींची घडण व्हिक्टोरिया गाडीसारखी दिसते. त्यामुळे एकाच गाडीवर तीन निरनिराळे क्रमांक आणि दोन-तीन कारखान्यांची नावे आढळू शकतात. चासीचा क्रमांक बहुधा चौकटीच्या पोलादावर ठोकलेला असतो, किंवा इंजिन आणि बैठक यांमधील आडभिंतीवरच्या पितळी पट्टीवर. इंजिनाचा क्रमांक त्याच्या धडावर असतो. बॉडी बांधणाऱ्याची लहानशी पट्टी पुष्कळदा दाराच्या उंबऱ्यावर, पाय ठेवण्याच्या जागी असते आणि पायांनीच झिजून गेलेली असते.

येथे घाई करणारा फसतो. फ्रान्समधील द दियों-बूतों या कारखान्याची लहान इंजिने इतकी नावाजलेली होती, की इतर अनेक कारखाने ती विकत घेऊन आपल्या गाड्यांत बसवीत. अशा गाडीत इंजिनावरचे नाव वाचून तेच गाडीचे नाव ठरविले, तर सुरुवातीलाच घोटाळा होतो. याउलट, फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मध्ये इंजिनावरील क्रमांक हाच गाडीचा क्रमांक धरला जाई. पण इंजिन बदलले गेले असेल, तर क्रमांक एका गाडीचा आणि चौकट दुसरीची, असा प्रकार घडतो. म्हणून तीनही क्रमांक उतरवून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि तोवर कोणताही निष्कर्ष काढू नये. क्रमांक वाचण्यासाठी गंज खरवडू नये, हे विशेषेकरून सांगावयास हवे. खडूची पूड चोळून, बाजूने तिरका प्रकाश पाडला, की ठोकलेली अक्षरे दिसू लागतात. जुने शिलालेख वाचताना अभ्यासक याच युक्त्या योजतात.

क्रमांक सापडलेच नाहीत, तर पोथीप्रमाणे येथेही ‘अक्षराचे वळण’ पाहावे लागते. प्रत्येक सुधारणेस तिचा काळ असतो. कार्ल बेन्झ यांना तीनचाकी मोटारीचे पेटंट जर्मनीत १८८६ मध्ये मिळाले. प्रारंभी गाडी वळविण्यास होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे; गोल चाक त्यानंतर रूढ झाले. पुढचे दिवे कार्बाइडचे असतील, म्हणजे कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी टाकून निघणाऱ्या वायूवर जळणारे, तर गाडी विजेचे दिवे सर्वत्र रूढ होण्यापूर्वीची असण्याचा संभव आहे. विजेच्या स्टार्टरने इंजिन सुरू करण्याची सोय कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या गाड्यांत आणली. तोवर, आणि साध्या गाड्यांत त्यानंतरही बरीच वर्षे, पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने निघाली, म्हणून ती आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी आढळते. तिच्या रेडिएटरची चौकट उघड्या पितळेची असेल तर गाडी १९१६ पर्यंतची. काळ्या रोगणाच्या पत्र्याची असेल तर त्यानंतरची. एका लक्षणावर विसंबू नये. दिवे बदलता येतात, रेडिएटर दुसऱ्या गाडीचा असू शकतो. पण पाच लक्षणे एकाच काळाकडे बोट दाखवीत असतील, तर तो काळ मानावा. एकच लक्षण सर्वांहून जुने असेल, तर आधी त्याच्यावर शंका घ्यावी.

यानंतर कागद. तळकोकणात कागद शोधणाऱ्याने येथील राजकीय भूगोल ध्यानी घ्यावा. वेंगुर्ले इंग्रजी मुलखातील रत्नागिरी जिल्ह्यात होते. शेजारची सावंतवाडी मात्र स्वतंत्र संस्थान. दोन्ही गावे जवळ, पण दफ्तरे दोन. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. म्हणजे एकच गाडी एकाच मांगरात उभी राहूनही तिचा कारभार बदलत गेला. मोटारींसंबंधीचे देशव्यापी कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन झाले. जुन्या गाडीच्या पाटीवरील क्रमांकही या काळात बदललेला असू शकतो. गाडी घाटावरून आली असेल, तर शोध कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराकडे वळतो. मुंबईहून आली असेल, तर मुंबईच्या राज्य पुराभिलेखागाराकडे. परदेशी उत्पादकांच्या जुन्या वह्याही काही ठिकाणी जपून ठेवलेल्या आहेत. रोल्स-रॉईस गाड्यांच्या चासीगणिक नोंदी इंग्लंडमधील त्या गाड्यांच्या मालकांच्या मंडळाने सांभाळल्या आहेत.

परंतु पुष्कळदा खरा पुरावा घरातच असतो आणि घर आवरताना तोच प्रथम जातो. टायरचे बिल, विम्याची पावती, ड्रायव्हरच्या पगाराची चोपडी, रोजकीर्दीतील ‘मोटार खर्च खाते’ या गोष्टी कोणास महत्त्वाच्या वाटत नाहीत. आपल्या व्यापारी घराण्यांत हिशेबाच्या वह्या नीट लिहिण्याची चाल आहे. तीच येथे उपयोगी पडते. लग्नाच्या वरातीचे छायाचित्र असेल, तर भिंगाखाली नंबरची पाटी वाचता येते, आणि लग्नाची तिथी पत्रिकेवरून कळते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा पुष्कळ गाड्या आणि सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालविल्या गेल्या. त्यासाठी गाडीवर भट्टीची टाकी बसवीत. जुन्या गाडीच्या मागील बाजूस कारण न समजणारी भोके आणि पट्ट्या दिसल्या, तर त्या ‘खराबी’ म्हणून बुजवू नयेत. तो त्या युद्धकाळाचा शिलालेख असू शकतो.

आता या विषयातील खऱ्या नाजूक प्रश्नाकडे येऊ. जुन्या गाडीचे मोल तिच्या वयावर ठरते. इंग्लंडमध्ये १८९६ च्या मोटारयात्रेची स्मृती म्हणून लंडन ते ब्रायटन अशी यात्रा भरते. तीत १ जानेवारी १९०५ पूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो. डिसेंबर १९०४ आणि फेब्रुवारी १९०५ यांतील अंतर जेमतेम दोन महिन्यांचे. पण एक गाडी आत आणि दुसरी बाहेर. म्हणूनच तेथील व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन, ही १९३० मध्ये स्थापन झालेली संस्था, गाड्यांचे वय तज्ज्ञांकडून तपासून दाखला देते. जेथे वयाला एवढी किंमत, तेथे वय वाढविण्याचा मोहही तेवढाच. जुन्या चौकटीवर नवी बॉडी घालून ती ‘अस्सल’ म्हणून विकणे, दुसऱ्या गाडीची पट्टी काढून लावणे, क्रमांक नव्याने ठोकणे, संस्थानिकांच्या नावाने वंशावळ रचणे हे प्रकार या व्यवहारात जगभर घडतात.

वाचकहो, आपल्या शास्त्रकारांनी मोटार पाहिली नव्हती. माणूस मात्र ओळखला होता. आचार्य उमास्वामींनी (श्वेतांबर परंपरेत उमास्वाती) तत्त्वार्थसूत्रात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे. त्यांतच न्यासापहार येतो, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार येतो, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून खपविणे. आणि तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे. जुन्या मोटारींच्या बाजारातील चारही मुख्य दोष येथे जणू नावानिशी मोजून ठेवले आहेत. खोटी पट्टी ठोकणारा कूटलेख करतो. नवी बॉडी जुनी म्हणून विकणारा प्रतिरूपक-व्यवहार करतो. कागदांविना आलेली गाडी ‘स्वस्त पडली’ म्हणून घेणाऱ्याने तदाहृतादानाचा विचार करावा. आणि भावंडांच्या समाईक मांगरातील गाडी एकानेच गुपचूप विकली, तर त्याला न्यासापहाराखेरीज दुसरे नाव नाही. घर पाडताना, वाटणी होताना हा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. गाडीचे पैसे वाटता येतात. भावांमधील गेलेला विश्वास मात्र परत येत नाही.

व्यवहाराची दुसरी बाजू कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांसाठी. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर निघते. आपण श्रावक दिग्व्रतात आपल्या गमनाची मर्यादा ठरवितो. या वृद्ध गाड्यांना सरकारने जणू तेच व्रत दिले आहे!

या नियमातील ‘मूळ स्वरूप’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हौसेच्या भरात इंजिन बदलून टाकणारा मालक गाडीची ओळख तर पुसतोच, शिवाय तिचा कायदेशीर दर्जाही धोक्यात आणतो. आणखी एक गोष्ट : १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कला, विज्ञान किंवा कारागिरीची साक्ष देणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. आरंभकाळातील मोटारी आता शंभरी ओलांडीत आहेत. परदेशातील गिऱ्हाइकाची मोठी बोली ऐकून भुलणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

गाडी जपण्याचे काम समुद्रकाठी अधिक कठीण. खारा वारा पत्रा खातो आणि पावसाळ्याचे चार महिने लाकडाला बुरशी चढवितात. आरंभकाळच्या बॉडीचा सांगाडा बहुधा लाकडी असतो, चाकांचे आरेही लाकडाचे. म्हणून आधी छप्पर शाकारावे, मग रोगणाचा विचार करावा. गाडी मातीवर उभी न करता फळ्यांवर उचलून ठेवावी, टायरवरचा भार काढावा, उघड्या लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि वर प्लॅस्टिकऐवजी सुती चादर घालावी. प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडतो. आपल्या भांडारांत पोथ्या सुती वेष्टनात बांधण्याची रीत आहे, तिचे मर्म हेच. पावसाळा संपल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीस, ग्रंथ बाहेर काढून झाडण्या-पुसण्याची प्रथा आहे. मांगराची दारे उघडून गाडीला वारा देण्यासही याहून योग्य दिवस नाही. जुने रोगण शक्यतो घासून काढू नये. त्याच्या थरांत गाडीचे मूळ रंग दडलेले असतात. एकदा ते उतरविले की ते पान कायमचे गळाले.

येथे आपल्या समाजापुढे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. जुन्या गाड्यांच्या बैठका चामड्याच्या असतात आणि आत घोड्याचे केस भरलेले असतात. अस्सलपणासाठी नवे चामडे आणून घालावे काय? माझ्या मते, जे मूळचे आहे ते जसे आहे तसे राहू द्यावे. पण त्यासाठी नवी हिंसा पदरी घेऊ नये. बैठक फाटली असेल तर जाड कापड किंवा रेक्सिन लावावे, आणि ‘अमुक साली चामड्याऐवजी कापड लावले, कारण अहिंसा’ अशी स्पष्ट नोंद करावी. अस्सलपणा थोडा उणावला तरी सत्य उणावत नाही.

काही वाचक विचारतील, की आपले मुनी आणि आर्यिका पायी विहार करतात, परिग्रहाचे परिमाण करा असे सांगतात. मग जुन्या मोटारीचे हे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परिग्रहाची शास्त्रोक्त व्याख्या वस्तूच्या संख्येवर थांबत नाही. ती मूर्च्छेवर, म्हणजे ममत्वावर बेतलेली आहे. ‘माझी गाडी सर्वांत जुनी’ या वाक्यात ममत्व आहे आणि बहुधा असत्यही. ‘ही गाडी अमुक साली अमुक ठिकाणी बांधली गेली, एवढे कळले आहे’ या वाक्यात ज्ञान आहे. पहिले वाक्य बोलणारा स्वतःस मालक समजतो, दुसरे बोलणारा विश्वस्त. वस्तू तीच, दृष्टी निराळी.

ही विश्वस्तबुद्धी आणि यंत्राची आवड एकाच घरात नांदू शकतात, याचा दाखला सोलापुरात आहे. ‘जैन बोधक’चे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूडबिद्री येथील धवल सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांवरून नव्या प्रती तयार करविण्यासाठी झटून प्रयत्न केले. जुन्या कानडी लिपीतील ती पाने काळाच्या तोंडी जाण्यापूर्वी उतरवून घ्यावीत, ही त्यामागील तळमळ. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून ‘धवला’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. याच हिराचंदांचे पुत्र वालचंद यांनी मोटारी भारतात बनाव्यात असा ध्यास घेतला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्यांची जुळणी सुरू झाली. पित्याने ताडपत्रांची काळजी वाहिली, पुत्राने मोटारींचा कारखाना काढला.

त्या कारखान्यातील फियाट ११०० आणि तिचीच पुढे रूढ झालेली पद्मिनी आपल्यातील अनेकांच्या घरी होती. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाल्या. १९६० च्या दशकातील फियाट आज पन्नास वर्षांची अट सहज ओलांडते. म्हणजे ‘जुनी मोटार’ शोधण्यासाठी राजवाड्यात जाण्याचे कारण नाही. ती कदाचित आपल्याच अंगणात ताडपत्रीखाली उभी असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचे वृत्त शोधताना जो कागद हाती लागत नाही म्हणून आपण हळहळतो, तसाच कागद या गाडीच्या बाबतीत आज आपल्या कपाटात आहे.

म्हणून येत्या ज्ञानपंचमीस एक छोटे काम अवश्य करावे. घरात जुने वाहन असेल, मग ती मोटार असो, स्कूटर असो वा सायकल, तर एक पक्क्या बांधणीची वही घ्यावी. तीत चासी, इंजिन आणि बॉडी यांवरील क्रमांक लिहावेत. नोंदणीपत्र, बिले, विमा आणि छायाचित्रे यांच्या प्रती चिकटवाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गाडी कोणी, कोठून, कधी घेतली, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि सांगणाऱ्याचे नाव व तिथी खाली लिहावी. जे कागदावरून कळले ते एका बाजूस, जे ऐकून कळले ते दुसऱ्या बाजूस. दुरुस्तीत जे बदलले, ते न लपविता नोंदवावे. गाडी कधी विकावी लागली, तर वही तिच्याबरोबर द्यावी आणि तिची एक प्रत घरात ठेवावी. भावंडांनी मिळून शेवटच्या पानावर सह्या कराव्यात, म्हणजे वाटणीच्या वेळी वाद उरणार नाही. लोखंड आज ना उद्या गंजणारच. ही वही कोरडी राहिली, तर पुढच्या पिढीस अदमासावर विसंबावे लागणार नाही.